गोठ्यातली जीप

विलीज घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट बहुधा उलट्या आट्यांचे असतात. उजवीकडचे नट नेहमीच्या रीतीने सुटतात, डावीकडचे मात्र आवळायच्या दिशेला फिरवले की सैल होतात. चाक पुढे धावत असताना नट आपोआप ढिला पडू नये, हा त्यामागचा विचार. ज्याला हे ठाऊक नाही तो पान्याला पाईप लावतो, पाईपवर उभा राहतो आणि स्टड मोडून ठेवतो. कराडजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, जी जीप घेतली तिच्या मागच्या डाव्या चाकाला पाचांपैकी तीनच नट होते. उरलेल्या दोन जागी मोडके स्टड तसेच वेल्डिंगने बुजवले होते. जुनी गाडी उभी करायला घेतली की निम्मं काम आधीच्या दुरुस्त्या दुरुस्त करण्याचंच असतं, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं.

गाडी 1969 सालची, महिंद्रची पेट्रोलवरची सीजे-3बी. सरकारी लिलावातून एका बागायतदाराकडे, तिथून त्याच्या जावयाकडे आणि मग कित्येक पावसाळे एका विहिरीजवळच्या बाभळीखाली. दादाने ती ट्रॅक्टरमागे बांधून आणली. म्हशी विकल्यापासून रिकाम्या असलेल्या गोठ्यात जागा केली आणि जुन्या ओळखीच्या एका मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेली, पुढे स्वतःचं गॅरेज, आता मुलगा दुसऱ्या धंद्यात म्हणून शटर बंद. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आदी धुवा. मग बगू. आनि आजच्या आज काय बी खोलू नगा."

हे काम मी वरचेवर जाऊन पाहिलं, वह्या चाळल्या, हात काळे केले. लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठी की घरी जुनी गाडी उभी करण्याच्या गोष्टी आपण नेहमी शेवटच्या फोटोपासून ऐकतो: चकाचक रंग, रुंद टायर, बंपरवर दिव्यांची रांग. खरं काम त्याच्या कितीतरी आधी असतं आणि ते ओळखण्याचं असतं. कुठला भाग अजून काम देईल, कुठला बदललाच पाहिजे आणि कुठल्याला हातही लावायचा नाही. ही ओळख ज्यांच्या बोटांत आहे अशी माणसं आपल्या तालुक्या-तालुक्यांत अजून आहेत, पण त्यांची गॅरेजं बंद होत चालली आहेत.

ही गाडी घरच्या गोठ्यात खोलता येते याचं कारण तिच्या जन्मात आहे. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने चारही चाकांना ताकद मिळेल अशा हलक्या टेहळणी गाडीची मागणी 135 कारखान्यांकडे पाठवली. नमुना 49 दिवसांत हवा होता. डबघाईला आलेल्या बँटम या छोट्या कंपनीने तो 23 सप्टेंबरला, मुदतीच्या आत, मेरीलँडमधल्या होलाबर्ड तळावर नेऊन उभा केला. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट यांचा. बँटमची उत्पादनाची ताकद तोकडी होती, त्यामुळे मोठी कंत्राटं गेली विलीज आणि फोर्डकडे. विलीजची जमेची बाजू म्हणजे डेल्मर रूस यांनी सुधारलेलं 2,199 सीसीचं, 60 अश्वशक्तीचं चार सिलिंडरी इंजिन. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या चिखलात, बर्फात, ब्रह्मदेशच्या जंगलात, हाताशी असतील तेवढ्या हत्यारांनी दुरुस्त व्हायच्या होत्या. म्हणून बोल्ट दिसतील असे, पत्रे सपाट आणि प्रत्येक भाग सुटा निघणारा.

आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1945 रोजी जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झाली ती याच काळात. 1953 मध्ये अमेरिकेत सीजे-3बी आली, उंच बॉनेटची. ही उंची दिसण्यासाठी नव्हती. नव्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडात गेले, एक्झॉस्ट मात्र खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यामुळे तेवढ्याच 2,199 सीसीत ताकद सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं आणि बॉनेटला वर सरकावं लागलं. अमेरिकेने हे मॉडेल 1968 मध्ये थांबवलं. महिंद्रने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने ते घराणं पुढे कैक वर्षं चालवलं.

महाराष्ट्राच्या खेड्यांत ही गाडी पोचली ती बहुतेक सरकारी खात्यांतून. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि बीडीओची जीप गावच्या वेशीत दिसू लागली. पाटबंधारे, वनखातं, हिवताप निर्मूलन, 1972 च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं तपासणारे साहेब, मग निवडणुकीतले भोंगे. पुढे जीपच्या धाकट्या भावंडांनी आमच्या भागात वडाप चालवलं, मराठवाड्यात काळीपिवळी झाल्या. जिथं एसटी दिवसातून दोनदा यायची तिथं बाळंतीण तालुक्याला नेली ती जीपनेच. म्हणून कुणी या गाडीला नुसतं भंगार म्हटलं की मला वाईट वाटतं.

गाडी धुतल्यावर वहिनींनी वही घातली. वहिनींचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आहे, त्यांचा हात नेमका आहे. खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, मग वहीत रेखाटन, कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, वॉशर कुठल्या बाजूला. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. हे सांगायला किरकोळ वाटतं. घरची जी कामं अर्धवट पडतात आणि शेवटी पोत्यांतून भंगारवाल्याकडे जातात, त्यातली बरीचशी या वहीअभावी जातात.

पहिली अडचण पान्यांची. ही गाडी इंचाच्या मापाची आहे. अर्धा इंची बोल्टाच्या डोक्याला 13 चा पाना जवळपास बसतो, नऊ सोळांशला 14 चा बळेच घुसवावा लागतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या गाडीवर असेच मिलिमीटरचे पाने चालले होते, त्यामुळे निम्म्या बोल्टांची डोकी गोल झालेली. दादाने पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत बुधवारी जाऊन जुने इंची रिंग पाने धुंडाळले. नव्या चकचकीत सेटपेक्षा ते बोल्टावर घट्ट बसले. गंजलेल्या बोल्टांवर डिझेल आणि ऑइल सोडायचं, रात्रभर थांबायचं, हातोडीने हलके टोले द्यायचे आणि मग आधी थोडं आवळून पाहायचं. आवळण्याच्या दिशेला केसभर हलला तर तो सुटणारच. मिस्त्री म्हणायचे, "जोर लावायचा न्हाई दादा, इचारायचं त्याला."

गंज काढण्यासाठी गोठ्याबाहेर एक प्लास्टिकचा ड्रम मांडला. पाण्यात धुण्याचा सोडा, वर बॅटरीचा चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला भंगारातली साध्या लोखंडाची पट्टी, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत. विजेचा प्रवाह सुरू झाला की भागावरून बुडबुडे येतात आणि तांबडा गंज सुटून काळी मऊ काजळी होते, ब्रशने निघून जाते, खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. ग्राइंडरने घासलं की गंजासोबत लोखंडही जातं आणि भागावरचे ठोकलेले आकडे पुसट होतात, म्हणून हा वेळखाऊ मार्ग. त्यात पथ्यं आहेत आणि ती सांगायलाच हवीत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून काम उघड्यावर, जवळ बिडी-काडी नाही. आणि कमानपाटे किंवा कडक पोलादाचे बोल्ट त्यात घालायचे नाहीत. हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि पाटा पुढे भर रस्त्यात मोडतो. भाग बाहेर आला की धुवून, वाळवून लगेच प्रायमर. तासभर जरी विसरलात तरी नवा तांबूस थर चढतो.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरांत डिझेल सोडून ठेवलं आणि समोरच्या भोकातून हँडल घालून रोज थोडं पुढे-मागे हलवत राहिलो. एका सकाळी ते कुरकुरत फिरलं. तेव्हाच चालू करून पाहण्याचा मोह सगळ्यांना झाला होता, मिस्त्रींनी तो मोडून काढला. हेड उतरवलं. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि करंगळीचं नख सिलिंडरच्या भिंतीवरून खालून वर नेलं. वरच्या टोकाला, जिथं पिस्टनची रिंग परत फिरते तिथं, नख अडकलं. "पायरी पडलीया. सात-आठ थाऊ असंल." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगवाल्याने डायल गेज आत सोडलं तेव्हा काटा साताच्या जरासा पुढे थांबला. मी हे पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

उद्यमनगरात ब्लॉक वीस थाऊ मोठा बोअर झाला, वर होनिंगच्या तिरक्या रेषा, म्हणजे त्यात तेल धरून राहतं. क्रँक घासून घेतला, मापाची बेअरिंगं मिळाली. या गाडीचं एक सुख असं की तिच्या जातीचे भाग आपल्याकडे इतकी वर्षं बनत राहिले की बऱ्याच गोष्टी अजून दुकानात मिळतात. पण मिळणं आणि बसणं यात अंतर आहे. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग हातात फिरवूनच कळतं, रबरी कप दुमडून पाहावा, भेगा दिसल्या तर दुकानदाराला तिथंच परत द्यावा.

व्हॉल्व्ह घासण्याचं काम घरीच केलं. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट, डोक्याला रबरी चकतीची काठी, आणि काठी दोन तळव्यांमध्ये धरून ताकाच्या रवीसारखी इकडून तिकडे. थोडं घासलं की उचलून जागा बदलायची, पुन्हा घासायचं. कडेवर सगळीकडे सारख्या रुंदीची, करड्या रंगाची, मळकट चमकेची अंगठी उमटली की झालं. कुठेही तुटक दिसली तर पुन्हा. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून वाट पाहायची, थेंब पाझरता कामा नये. दादाची मुलगी दहावीच्या सुट्टीत होती, तिने आठही व्हॉल्व्ह एकटीने घासले. फटी तिनेच लावल्या: इनटेक 18 थाऊ, एक्झॉस्ट 16 थाऊ, इंजिन थंड असताना. इनटेकच्या फटी वरून रॉकरवर लागतात, एक्झॉस्टच्या मात्र ब्लॉकच्या कुशीतलं झाकण काढून, अंग चोरून. स्पार्कचा क्रम एक-तीन-चार-दोन. तो तिने गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

ब्रेकवर मला जास्त थांबायचं आहे, कारण घरगुती कामात सर्वांत जास्त हेळसांड तिथे होते. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकच, तोही पायाखालच्या पत्र्याच्या खाली, चिखल-पाण्याच्या वाटेत. चारही चाकांना एकाच वाटेने तेल जातं. म्हणजे एका चाकाची पाईप फुटली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत असा प्रकार होऊ नये म्हणून दोन स्वतंत्र वाटा असतात, इथं नाहीत. म्हणून इथं "चालतंय की" हा शब्द बंद. आधीच्या कुणीतरी एका जागी तांब्याची नळी वाकवून बसवली होती. तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि एक दिवस चिरतं. सगळ्या नळ्या पोलादाच्या नव्या घेतल्या, टोकं दुहेरी घडीची करून घेतली, चाकांतले सिलिंडर, कप, होज सगळं बदललं. ड्रम उघडताना हवेने धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात गेला की परत निघत नाही. हँडब्रेक या गाडीला चाकांवर नसतो, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, ट्रान्सफर केसच्या पाठीशी असतो. तेलगळती झाली की त्याचे लायनर आधी भिजतात. तेव्हा हँडब्रेक धरत नसेल तर आधी तेलाची सील पाहायची.

पेट्रोलची टाकी सीटखाली. ती उकळत्या पाण्याने आणि सोड्याने धुवून, पूर्ण कोरडी करून, झाळकाम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यात जुनं रबर फुगतं, पंपाचा पडदा मऊ पडतो. म्हणून पेट्रोलच्या वाटेवरचं सगळं रबर इथेनॉल सोसणारं बसवलं. वायरिंग वहिनींनी संपूर्ण नवीन ओढलं, प्रत्येक वाटेला फ्यूज दिला. जुनं उंदरांनी कुरतडलेलं होतं, त्यात फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली सापडली.

चार चाकांची ताकद ही या गाडीची खरी ओळख, पण ती कशी वापरायची हे सांगणारी माणसं कमी झाली आहेत. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग ताण शाफ्टमध्ये आणि दात्यांत साठत जातो. लिव्हर अडकतो, निघता निघत नाही. तेव्हा हिसका न देता गाडी सरळ रेषेत हातभर मागे घ्यायची, लिव्हर आपसूक सुटतो. मिस्त्रींच्या मते त्यांच्याकडे आलेल्या मोडक्या ट्रान्सफर केसांपैकी बहुतेक चिखलात मोडलेल्या नव्हत्या, डांबरावर मोडल्या होत्या.

आता वादाचा मुद्दा. मध्ये दोन जणांनी दादाला सुचवलं की हे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसव, पॉवर स्टिअरिंग घाल, टायर रुंद घाल. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि कित्येक मालकांनी हेच केलं. त्यांना पोट भरायचं होतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज ज्याला ही गाडी हौसेने उभी करायची आहे त्याने तिचं काळीज काढून टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल चालत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, फेरनोंदणीचं 5,000, मुदत दहा वर्षांची. अट अशी की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. शेतावर रोज न्यायची तर हा मार्ग उपयोगाचा नाही, नेहमीचंच नूतनीकरण करून घ्यावं लागतं. दादाने नेहमीचा मार्ग धरला. इंजिन आणि चेसिसचे आकडे कागदांशी जुळले, कारण ग्राइंडरने कुणी घासले नव्हते.

पत्र्याचं काम सगळ्यात शेवटी. तळाचा पत्रा पायाने भोक पडेल असा झाला होता, तिथं अठरा गेजचा नवा घातला. लांबी भरून गुळगुळीत करण्याचा डेंटरचा आग्रह होता. दादाने जाड लांबी लावू दिली नाही, ती हादऱ्याने सुटते आणि तिच्यामागे पाणी साठून गंज आतून खातो. पुढच्या आडव्या पत्र्यावर, क्लच पेडलच्या वर, पूर्वीच्या कुणा कारागिराने पितळेची झाळ देऊन एक ठिगळ लावलेलं आहे. कडा सुबक घासलेली, झाळ एकसारखी ओघळलेली, कुठे फुगा नाही. डेंटर ते कापून नवा पत्रा घालणार होता. मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला आणि त्याला थांबवलं. "हे कुनाचं काम हाय म्हाईत न्हाई, पर आज असं करनारा गावायचा न्हाई. ऱ्हाऊ द्या." ठिगळ तसंच आहे, त्यावर फक्त रंग आला.

मधल्या काळात आयटीआयची दोन पोरं रविवारी यायला लागली होती. त्यांना संगणक लावून गाडीचा दोष वाचता येतो, ते शिक्षण चांगलंच आहे. इथं त्यांना प्रथमच दात्यांचा खेळ बोटाने जोखायला मिळाला. मिस्त्री त्यांना आधी हाताने अंदाज सांगायला लावायचे आणि मग गेज द्यायचे. अंदाज लिहून ठेवण्यासाठी वहिनींनी वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखून दिले. सुरुवातीची पानं आणि शेवटची पानं शेजारी ठेवली तर अंदाज आणि गेज यांतलं अंतर कमी होत गेलेलं दिसतं. तालुक्याच्या कुठल्याही आयटीआयला अशी एक जुनी गाडी आणि असे एक निवृत्त मिस्त्री मानधनावर मिळाले, तर ती सोय महागड्या यंत्रसामग्रीइतकीच मोलाची ठरेल.

गाडी आता शेतावर जाते, ओढ्यातून वर चढते. पण पन्नाशीच्या वेगाला पुढची चाकं थरथरतात. टायर अदलाबदल करून पाहिले, स्टिअरिंगच्या काड्या तपासल्या, फरक नाही. मिस्त्रींचा संशय किंगपिनच्या बेअरिंगवर आहे. पुढच्या चाकामागच्या गोल गोळ्यात वर आणि खाली अशी ती बसतात, आणि त्यांची घट्टाई पातळ शिमांनी लावावी लागते. बसवताना दोन्ही बाजू सारख्या लागल्या नसाव्यात, असं त्यांचं म्हणणं. ती मोजायची रीत अशी: चाक, ड्रम आणि टाय रॉड काढायचा, गोळ्याच्या आर्मला काटा अडकवून ओढायचं आणि किती वजनाला तो हलतो ते पाहायचं. आमच्याकडचा तराजूचा काटा बाजरी मोजायचा, त्यावर भरवसा नाही. दादाने चांगला स्प्रिंगचा काटा मागवला आहे, तीन आणि पाच थाऊच्या शिमा उद्यमनगरात सांगून ठेवल्या आहेत, आणि भाऊबीज झाली की पुढचा ॲक्सल पुन्हा घोड्यांवर चढणार आहे.